मामाचा अंगठा आणि लिमीचा डोळा

इसेंगेवा गावात लुगेंबेमामांच्या अंगठ्याला जेवढा मान होता तेवढा त्यांच्या उरलेल्या अंगाला कधीच नव्हता. बायकांच्या सायकल शर्यतीचं स्टॉपवॉच वीस वर्षं त्या एका अंगठ्याखाली होतं. शर्यत साधीच. रेघेवरून सुटायचं, माळावरच्या गोरखचिंचेच्या झाडाला वळसा घालायचा आणि त्याच रेघेवर परत यायचं. एकीनंतर एक अशा बायका सुटतात, जिची वेळ सगळ्यात कमी तिच्या घरी वासरू जातं. म्हणजे वासरू कुणाच्या गोठ्यात बांधायचं ते मामांचा अंगठा ठरवायचा.

मामा लबाड नव्हते हो. लबाड असते तर निदान काही हिशेब लागला असता. त्यांची खोड वेगळीच होती. आवडती बाई जोरात येताना दिसली की ते आधी ओरडायचे, मग टोपी हवेत उडवायचे, मग शेजारच्याला मिठी मारायचे, आणि हे सगळं आटोपलं की त्यांना घड्याळाची आठवण व्हायची. नावडती आली की मात्र तोंड वाकडं करून बरोब्बर रेघेवर बटण दाबायचे. त्यामुळे ज्या बाईवर मामांची माया, ती हरलीच. पुढेपुढे तर शहाण्या बायका शर्यतीच्या आदल्या दिवशी मुद्दाम मामांशी भांडण उकरून काढायला लागल्या.

आणि मामांची सगळ्यात जास्त माया होती बहिणीच्या मुलीवर, लिमीवर.

आता कळलंच असेल. चौदा वर्षांपूर्वी लिमी अशी काही आली होती की तिच्या मागची धूळसुद्धा मागे पडली होती. मामा नाचले. इतके नाचले की लिमी एका सेकंदाने हरली. जिंकली कोण, तर जिने मामांना लंगडी शेळी विकली होती ती. त्या वासराची पुढे गाय झाली, गाईला वासरं झाली, आणि दर वर्षी नवं वासरू झालं की गावात कुणी ना कुणी लिमीला मुद्दाम येऊन सांगायचंच. सांगणाऱ्यांत कोण होतं ते जाऊ द्या.

दुसऱ्या वर्षी कापसाच्या ट्रकला बाजू देताना लिमी खड्ड्यात गेली, गुडघा फुटला आणि शर्यत कायमची सुटली. मग तिने बाजाराच्या तोंडाशी पत्र्याची टपरी टाकली, निळा रंग दिला आणि वर लिहिलं, ‘फुंदी लिमी’. हातात कसब असलेल्या माणसाला आमच्याकडे फुंदी म्हणतात, मग तो गवंडी असो की शिंपी. लिमी मोबाइलची फुंदी. पाण्यात पडलेले, बैलाने तुडवलेले, नवऱ्याने भिंतीवर मारलेले, असले सगळे मोबाइल तिच्याकडे येतात. ती ते उघडते, फुंकर मारते, आणि मोबाइलपेक्षा त्याच्या मालकिणीचीच जास्त चौकशी करते. लिमी या नावाचा अर्थ ऊन. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मागच्या वर्षी कुल्वा आणि डोटो या जुळ्या बहिणी एकामागोमाग एक अशा आल्या की मामांना कोण आवडती आणि कोण नावडती तेच कळेना. त्यांनी दोघींसाठी टोपी उडवली, दोघींची वेळ बिघडवली, आणि वासरू तिसरीकडेच गेलं. त्या संध्याकाळी अकरा बायका आपापल्या सायकली ढकलत लिमीच्या टपरीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

“पुढच्या वर्षी अंगठ्याखाली आम्ही बसणार नाही,” कुल्वा म्हणाली. “पाणी वाहू, लाकडं वाहू, पण शर्यत नाही.”

“मग शर्यत बंदच पडेल,” लिमी म्हणाली.

“पडू दे. तू तरी काय मिळवलंस सायकल पळवून?”

लिमीने हातातला पेचकस खाली ठेवला. गुडघ्यावरून हात फिरवला. “वेळ मी बांधून देते,” ती म्हणाली. “शर्यत बंद पडू द्यायची नाही.”

बोलून तर बसली. आणि लिमीचं एक आहे, बोलून बसली की उठत नाही.

जत्रेत पोरांच्या खेळण्यांत लाल किरण फेकणारी बोटाएवढी नळी मिळते, ती तिने घेतली. म्वान्झा शहरातून बसने उजेड ओळखणारा एक डोळा मागवला, मसुराएवढा. आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे लिहून दिलेल्या आज्ञा पाळणारा चिमुकला संगणक, काड्यापेटीत मावेल एवढा. तो बसवायला आकडे दाखवणारी एक पेटी केली. विचार सरळ होता. रेघेच्या एका टोकाला नळी, दुसऱ्या टोकाला डोळा. सायकलने किरण कापला की डोळ्यापुढे अंधार, अंधार झाला की आकडे पळायला लागले. बाई वळसा घालून आली, पुन्हा कापला, की आकडे थांबले. मध्ये ना अंगठा, ना माया.

पण करायला बसल्यावर तीन महिने गेले. शाळेतल्या मास्तरांनी टाकून दिलेल्या लॅपटॉपवर ती आज्ञा लिहायची. त्याची चार बटणं उडालेली होती, तिथे ती काडीने टोचायची. पहिल्यांदा किरण गुडघ्याच्या उंचीवर लावला, तर चाकाच्या प्रत्येक तारेला मशीनला वाटायचं नवी बाई आली. शिवाय शेळ्या. एका शेळीने गोरखचिंचेचा वळसा अकरा सेकंदांत मारल्याची नोंद त्या मशीनमध्ये अजून असेल. मग लिमीने किरण हँडलच्या उंचीवर नेला आणि आज्ञा लिहिली की एकदा कापला गेला की वीस सेकंद डोळा मिटून बसायचं. शेवटी आणखी एक ओळ लिहिली: बाई परत आली, आकडा थांबला, की बटण दाबेपर्यंत काहीही मधे आलं तरी बघायचं नाही. अशा ओळीला लॅपटॉपमध्ये एखादं नाव देता येतं. या ओळीला तिने नाव दिलं ‘टोपी’.

मामांकडे ती स्वतः गेली. मामा अंगणात सुकवलेल्या रताळ्याच्या चकत्या चघळत बसले होते.

“यंत्र?” मामा म्हणाले. “वीस वर्षं माझा अंगठा काय गवत कापत होता का?”

“मामा, बायका बसणार नाहीत म्हणतात.”

“कोण बायका? त्यांच्या आयांच्या वेळा मी मोजल्यात.”

“म्हणूनच.”

मामांनी चकती गालात सरकवली. बराच वेळ चघळली. “ठीक. पण एक ऐक. तुझी पेटी माझ्या टेबलावर राहील, छताखाली, माझ्यापुढे. वेळ आजवर माझ्यापुढे होती, पुढेही माझ्यापुढेच. आणि एकदा, लिमे, एकदा जरी ते अडलं तर ते पोत्यात जाईल आणि घड्याळ बाहेर येईल. मग पुन्हा हा विषय नाही. तुझ्याकडून नाही, त्यांच्याकडूनही नाही.”

“कबूल,” लिमी म्हणाली. अकरा जणींच्या वतीने एक बोलून गेली.

मामांचं टेबल पूर्वेच्या बाजूला असतं. म्हणून पेटीला आखूड तारेने जोडलेला डोळाही रेघेच्या पूर्वेच्या टोकाला, पश्चिमेकडे तोंड करून. सकाळी टपरी उघडायच्या आधी ती रोज माळावर तपासायला जायची. सूर्य डोळ्याच्या पाठीमागे, सगळं झकास चालायचं. दोन्ही टोकांना तिने पाइपाचे खांब सिमेंट भरलेल्या डब्यात उभे केले आणि वर डोळा आणि नळी पक्की आवळली.

मग मामांचा मेसेज आला: ‘शर्यत शनिवारी १०.’

शनिवारी लिमी उजाडताच माळावर. पेटी, बॅटरी, तारा, फडकी सगळं मांडून बसली. मोबाइलमध्ये दहा वाजले. माळावर लिमी आणि एक गाढव. सव्वादहा झाले. गाढवही गेलं. लिमी पुटपुटत होती, हे लोक कधी वेळेवर येणार नाहीत आणि निघालेत वेळ मोजायला. तेवढ्यात मंदाझी, म्हणजे तळलेले गोड वडे, विकणारी न्यांझोबे डोक्यावर टोपलं घेऊन बाजाराकडे चाललेली दिसली.

“न्यांझोबे, बाकीचे कुठे मेले?”

“कुठले बाकीचे?”

“शर्यतीचे. दहाला बोलावलंय ना.”

न्यांझोबेने टोपलं खाली ठेवलं. ही बाई एरवी डोक्यावरचं टोपलं खाली ठेवत नाही, तिला सावकाश हसायचं असलं तरच ठेवते. “लिमे,” ती म्हणाली, “आत्ता किती वाजले?”

“दहा.”

“चार वाजलेत गं बाई. चार.”

लिमीने मोबाइलकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

आमचं घड्याळ सूर्याबरोबर उठतं. ऊन उगवून एक तास झाला की एक वाजला, दहा तास झाले की दहा वाजले, आणि तोवर सूर्य पश्चिमेला कललेला असतो. आमच्या तान्ह्या पोरांनाही ते कळतं. मोबाइल मात्र आपला मध्यरात्रीपासून मोजत बसतो, आणि त्याचे दहा म्हणजे भर सकाळ. गावातली सगळी मोबाइल पाहतात आणि मनातल्या मनात वळवून घेतात. बारा वर्षं लोकांच्या मोबाइलची घड्याळं लावून लावून लिमीचंच डोकं मोबाइलसारखं चालायला लागलं होतं.

“ज्यांची घड्याळं तू लावलीस ना,” न्यांझोबे डोळे पुसत म्हणाली, “त्यांना सांगते मी आता. जन्माच्या तारखासुद्धा तपासून घ्या म्हणावं.”

पण लिमी हसत नव्हती. ती पश्चिमेकडे पाहत होती. शर्यत दुपार कलल्यावर, म्हणजे सूर्य समोरून, सरळ डोळ्यात. डोळ्याला सूर्य दिसत राहिला तर किरण कापला काय, न कापला काय, त्याला सारखंच.

“नावाची ऊन,” न्यांझोबे म्हणाली, “आणि उन्हालाच घाबरलीस?”

“तुझा सायकलचा पंप दे,” लिमी म्हणाली.

“मोडलाय तो.”

“मोडलेलाच हवा.”

पंपाची नळी तिने करवतीने वीतभर कापली, आतून काजळी फासली आणि डोळ्यापुढे बसवली, घोड्याला झापडं लावतात तशी. आता डोळ्याला समोरचा लाल ठिपका दिसेल, आकाश नाही. मोबाइल तीन म्हणत होता तेव्हा तिने हात मधे घालून तपासलं. आकडे पळाले, थांबले. पण सूर्य अजून उंच होता. तो खाली उतरून नळीच्या रेषेत आला तर काय, ते तिला माहीत होतं.

मामा आले, पाहुणे आले, छत लागलं. लिमी टेबलाशी गेली. “मामा, पेटी पलीकडे नेऊ द्या. डोळा पश्चिमेला हवा, उन्हाकडे पाठ करून.”

“पलीकडे छत नाही.”

“मी बसते उन्हात.”

“आणि वेळ?” मामांनी टेबलावर बोट आपटलं. “वेळ इथे राहील. तसं ठरलंय.”

पाहुण्यांसमोर जास्त बोलता येईना. लिमी पंपाच्या नळीवर भरवसा ठेवून बसली.

पहिली बाई सुटली, आली. आकडा थांबला. दुसरी, तिसरी. चौथी कुल्वा. कुल्वा आली तेव्हा पेटीवर चार मिनिटं सहा सेकंद आणि वर एकतीस शतांश असा आकडा थांबला आणि पाहुणे टेबलाकडे सरकले. शतांश हा प्रकार इसेंगेवाने पहिल्यांदाच पाहिला होता. मामांनी चष्मा लावून तीनदा वाचला. आठ जणी झाल्या, कुल्वा सगळ्यांच्या पुढे होती. आणि सूर्य उतरत होता. लिमीचं लक्ष सायकलींकडे नव्हतंच, ती पंपाच्या नळीच्या तोंडाशी बघत होती. तिथे पिवळा ठिपका आत सरकत चालला होता.

नववी डोटो. शिट्टी झाली, डोटो रेघेवरून गेली, आणि पेटीवर शून्य ते शून्यच.

“थांब,” लिमी ओरडली. “डोटो, थांब.”

डोटोच्या सायकलला ब्रेक नाही. तिने टाच चाकावर दाबली, वीस पावलांवर थांबली आणि मागे वळून पाहिलं. सगळ्या माळाने मामांकडे पाहिलं. मामांनी खिशात हात घातला आणि घड्याळ बाहेर काढलं. साखळीसकट.

“अडलं,” मामा म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, पण दुःखही फारसं नव्हतं.

“अडलं,” लिमी म्हणाली. “पण खोटं बोललं नाही. गप्प बसलं. मामा, तुमचं घड्याळ कधी गप्प बसलंय?”

“ठरलं होतं लिमे.”

“ठरलं होतं. मग ठरल्याप्रमाणे सगळ्यांना सांगा की आठ जणींची वेळ पेटीने घेतली आणि तीन जणींची तुम्ही घेणार. डोटोला विचारा, चालेल का.”

डोटो सायकल ढकलत आली. घाम पुसला. “मी घरी जाते,” ती म्हणाली. पाठीमागच्या दोघींनीही हँडल वळवलं. मग ज्या आठ जणी सायकल पळवून बसल्या होत्या, त्या एकेक उठून उभ्या राहिल्या. कुल्वासुद्धा, जी आत्ता जिंकत होती.

मामांपुढे चहाचा ग्लास होता, भरलेला. त्यांनी आधी त्या ग्लासाकडे पाहिलं, मग बायकांकडे. “हा चहा संपेपर्यंत,” ते म्हणाले. “संपला की घड्याळ.”

चहा गरम होता, हे लिमीचं नशीब. तिने मामांच्या टेबलावरची पेटी उचलली. कुणी विचारलं नाही, तिनेही विचारलं नाही. बॅटरी काखेत मारली आणि दुखऱ्या गुडघ्याने रेघेच्या पलीकडच्या टोकाला गेली. पेचकसाने पूर्वेच्या खांबावरचा डोळा पंपाच्या नळीसकट सोडवून आणला, लाल किरणाची नळी तिकडे पाठवली. न्यांझोबे टोपलं सोडून तार धरून उभी राहिली. कुल्वाने पश्चिमेचा खांब हलू नये म्हणून मिठी मारली.

“घाई कर,” न्यांझोबे म्हणाली. “फुंकर न घालता पितोय म्हातारा.”

“तू तार सरळ धर.”

“सरळच आहे. तूच तिरकी उभी आहेस.”

“मी नाही, माझा गुडघा.”

आता सूर्य डोळ्याच्या पाठीशी होता. लाल ठिपका पंपाच्या काळ्या नळीतून थेट आत पडला. लिमीने तळवा मधे घातला. आकडे पळाले. वीस सेकंद मोजले, पुन्हा घातला. थांबले.

मामांनी ग्लास खाली ठेवला. तळाशी घोटभर चहा उरला होता, पण तो मोजायचा की नाही यावर पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली.

“कोण म्हणतं आता बरोबर आहे?” मामा म्हणाले. “तिकडे एक होतं, इकडे दुसरं.”

“रेघ तीच आहे. तुम्हीच तपासा,” लिमी पलीकडून म्हणाली. “तुमचं घड्याळ हातात घ्या. रेघ ओलांडताना दाबा, काटेरी कुंपणापर्यंत जा, परत या, रेघेवर दाबा. पेटीही मोजेल.”

मामा उठले. कोट ठीक केला. रेघेवर दाबलं आणि चालायला लागले. मामा चालताहेत म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. येताना कुणीतरी शीळ घातली. मामांनी लोकांकडे बघून हात उंचावला, मान डोलावली, रेघ ओलांडली, आणखी एक पाऊल टाकलं आणि मग दाबलं.

पेटीवरचे आकडे बोटाच्या पेराएवढेच. पलीकडून दिसणारे नव्हते. मामांना उन्हात, लिमीच्या शेजारी येऊन वाकावं लागलं. पेटी म्हणत होती अडतीस सेकंद. घड्याळ म्हणत होतं एकोणचाळीस.

कुणी हसलं नाही. न्यांझोबेसुद्धा नाही, आणि हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

मामांनी दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. मग हळूच विचारलं, “लिमे, त्या वर्षी तू कितीने हरलीस?”

“एका सेकंदाने.”

“एका.”

“हो मामा.”

मामांनी साखळी अंगठ्यापासून सोडवली, घड्याळ खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं. छताखाली परत गेले नाहीत. “डोटोला बोलाव,” ते म्हणाले. “आणि मला सरकून जागा दे. ऊन लागतंय.”

डोटो सुटली. पेटीवर आकडे पळायला लागले. गोरखचिंचेमागे ती दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली, आणि येताना अशी आली की लिमीला स्वतःचा गुडघा आठवला. मामांच्या हातांपुढे आता घड्याळ नव्हतं आणि टेबलही नव्हतं. दोन्ही हात रिकामे. ते आधी चवड्यांवर उठले, मग ओरडायला लागले, आणि मग टोपीला हात घालून थेट रेघेकडे निघाले.

लिमीने त्यांच्या कोटाचं टोक धरलं.

“सोड.”

“अजून नाही.”

“अगं आली ती.”

“हँडल येऊ द्या मामा. हँडल.”

हँडल आलं. किरण कापला. लिमीने कोट सोडला आणि मामांची टोपी उडाली. उंच गेली, उन्हात फिरली आणि खाली येताना बरोब्बर डोळ्यासमोरून, किरण कापत पडली.

आकडा हलला नाही. काडीने टोचून लिहिलेली ती ‘टोपी’ नावाची ओळ जागेवर होती.

मागच्या दोघी नंतर सुटल्या आणि सात-आठ सेकंदांनी मागे राहिल्या, पण तेव्हा त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मामा पेटीवर वाकले होते आणि आवाज टिपेला लावून सगळ्या माळाला वाचून दाखवत होते. चार मिनिटं. सहा सेकंद. सतरा. कुल्वाचे एकतीस, डोटोचे सतरा. ज्या बहिणींना त्यांची आईसुद्धा कधीकधी चुकीच्या नावाने हाक मारते, त्यांच्यातला फरक त्या मसुराएवढ्या डोळ्याने सांगितला होता.

“चौदा शतांश,” मामा म्हणाले. “लिमे, चौदा शतांश म्हणजे किती?”

“तुमची टोपी डोक्यावरून निघायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.”

मामांनी टोपी उचलली, गुडघ्यावर झटकली. “पुढच्या वर्षी पेटीला इथे छत लाव,” ते म्हणाले. “मी इथेच बसणार आहे.”

वासरू डोटोच्या घरी गेलं. सोमवारी लिमीने टपरी उघडली तेव्हा कुणीतरी निळ्या पत्र्यावर खडूने मोठं लिहून ठेवलेलं होतं: ‘येथे घड्याळे लावून मिळतील. कोणते दहा ते आधी सांगावे.’

अक्षर न्यांझोबेचंच होतं, ती नाही म्हणते. लिमीने ते पुसलं नाही.